उजवा कौल

सिनेमावाल्यांना गाव सुंदर दिसतं आणि गाववाल्यांना सिनेमावाले. दोघांचंही त्यात काही जात नाही, म्हणून हे चालून जातं. मालवणच्या खालच्या अंगाला, खाडी समुद्राला मिळते तिथल्या एका गावात अठरा वर्षांपूर्वी एका प्रेमकथेचं शूटिंग झालं होतं. शेवटी नायक होडीत बसून निघून जातो आणि नायिका जेटीवर उभी राहते, एवढीच ती गोष्ट. पण ती अशी चालली की अजून पुण्यामुंबईची पोरं त्या जेटीवर फोटो काढायला येतात. आता तिचा दुसरा भाग निघाला होता. ताटातूट झालेले दोघे केस पिकल्यावर त्याच जेटीवर पुन्हा भेटतात, असा.

युनिटला गर्दीसाठी माणसं हवी होती, ती मिळाली. पण आणखी एक अजब काम निघालं. नटनटी यायच्या आधी त्यांच्या जागेवर कुणीतरी तासभर उभं राहायचं. दिवे, ऊन वळवायचे पांढरे पत्रे, कॅमेरा, सगळं त्या उभ्या माणसांवर जुळवायचं. जुळलं की खरी मंडळी गार गाडीतून उतरणार आणि ही बाजूला होणार. उंची सारखी हवी, वय साधारण सारखं हवं, अक्कल कमी असली तरी भागतं. समीक्षा नावाची सहायक दिग्दर्शिका टेप घेऊन गावभर हिंडली आणि तिने दोन माणसं निवडली. बायकांत किशोरी. पुरुषांत सुदेश, ज्याची होडी युनिटने शूटिंगला घेतली होती.

अख्ख्या गावातून नेमकी हीच दोन. त्या पोरीला बिचारीला काय ठाऊक! मासे विकणाऱ्या काशीबाईने ऐकलं तेव्हा बांगडे धुता धुता तिचे हात थांबले, पण तिने समीक्षासमोर चकार शब्द काढला नाही. फुकटचा तमाशा कोण मोडेल? दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच जेटीच्या दोन्ही बाजूंना माणसं येऊन बसली, आणि ती काही नटाला बघायला आली नव्हती.

झालं होतं असं. चोवीस वर्षांपूर्वी किशोरी आणि सुदेशचं जमलं होतं. घरच्यांचा विरोध नव्हता आणि उत्साहही नव्हता. अशा वेळी इकडे जे करतात तेच त्यांनी केलं, रवळनाथाला कौल लावायचं ठरवलं. गाभाऱ्यात गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, तुमचं गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी पाकळी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. त्या सोमवारी बाहेर मंडपात सुदेशचा बाप महादू, किशोरीचा बाप आणि सुदेश असे तिघे उभे होते. आतून हरिश्चंद्र गुरव आला, खाली बघत "डावो" म्हणाला आणि समई सारखी करायला परत आत गेला. विषय संपला. माणूस नाही म्हणाला तर त्याचे पाय धरता येतात, देवाशी कोण हुज्जत घालणार?

दोन महिन्यांत किशोरीचं लग्न होऊन ती कुडाळला गेली. नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. माणूस चांगला होता, तिची त्याच्याबद्दल कधी तक्रार नव्हती. सुदेश बोटीवर गेला, तीन वर्षं दर्यावर काढून परत आला, आणि त्याने लग्नच केलं नाही. गावाला त्याचं मोठं कौतुक. देवाचा शब्द मानला आणि दुसरीकडे बघितलंही नाही, असा माणूस होणे नाही, असं बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवत.

दोन वर्षांपूर्वी किशोरीचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरचं घर बंद होतं, भाऊ मुंबईला, तेव्हा ती परत गावात आली आणि पर्यटकांना घरगुती जेवण घालू लागली. सुदेशचं घर हाकेच्या अंतरावर. पण विधवेने आणि न लग्न झालेल्या पुरुषाने दारात उभं राहून चार शब्द बोलावे आणि ते चार शब्दच राहावेत, एवढं गाव अजून सुधारलेलं नाही. वाटेत भेट झाली तर दोघं मान खाली घालून जात.

आणि तिला तर त्याला एक गोष्ट सांगायचीच होती.

चार वर्षांपूर्वी हरिश्चंद्र गुरव शेवटच्या आजारात होता. किशोरी माहेरी आली होती, म्हणून बघायला गेली. त्याने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि तिला सांगितलं की तुमचा कौल उजवा पडला होता, माझ्याकडून डावा वदवून घेतला. कोणी, असं तिने विचारलं, तर म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. नाव घ्यायची गरजही नव्हती. महादू. दुसरं कोण असणार? महादू तेव्हा जिवंत होता, आणि बापलेकांत आग लावण्याची तिची जात नव्हती. ती गप्प बसली. गेल्या शिमग्याला महादू गेला, तेव्हापासून ती संधी शोधत होती.

देवाने नाही म्हटलं नव्हतं हे सुदेशला कळायला हवं, असं ती स्वतःला सांगे. ते खरंच होतं, पण सगळं खरं तेवढंच नव्हतं. देवाचा होकार काही शिळा होत नाही. चोवीस वर्षांपूर्वी दिलेला असला तरी तो दिलेलाच आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी आपण हे मनात आणतो याची तिला लाज वाटे, आणि तरीही रोज दुपारी भांडी घासताना ती ते मनात आणीच. म्हणून समीक्षाने विचारल्यावर ती नाही म्हणाली नाही. सगळ्या गावासमोर, गावानेच मान्य केलेल्या कामासाठी, ती त्याच्यासमोर उभी राहणार होती. आयुष्यात एवढी सोय तिची कुणी केली नव्हती.

युनिटने तिला नटीच्या साडीच्या रंगाची साडी नेसायला लावली. म्हणे उजेड रंगावर ठरतो. पिकल्या आंब्याचा रंग. दोन वर्षांत तिच्या अंगाला असा रंग लागला नव्हता. ती जेटीवर आली तशी माणसांत कुजबुज झाली आणि काशीबाईने तोंडाला पदर लावला. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलेलं.

जेटीच्या फळ्यांवर चिकटपट्टीच्या दोन फुल्या मारल्या होत्या. एकीवर ती, दुसरीवर तो, मध्ये हातभर अंतर. सुदेशला पांढरा सदरा दिला होता. तो कानामागे पिकला होता आणि डोळ्यांखाली दर्याने जाळी विणली होती, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच, एका पायावर भार टाकून. इतक्या वर्षांनी तिला ते इतकं जवळून दिसलं.

समीक्षाने समजावून सांगितलं. एकमेकांकडे बघायचं, पाय हलवायचे नाहीत, मान हलवायची नाही. आवाज आता घेत नाही, तेव्हा ओठ हलले तरी चालतील, उलट हलू देत, काहीही बोला. एवढं सांगून ती कॅमेऱ्यापाशी गेली. वाऱ्यासाठी लावलेल्या मोठ्या पंख्याचा घरघराट चालू होता, लाटा फळ्यांखाली आपटत होत्या. दहा पावलांवर बसलेल्या गावाला एक अक्षर ऐकू जाणार नव्हतं.

किशोरीने वेळ घालवला नाही. हरिश्चंद्र गुरव जाताना काय म्हणाला, ते तिने जसंच्या तसं सांगितलं. महादूचं नाव तिने घेतलं नाही. कुणाला दोष द्यायला मी आले नाही, फक्त देवाने आपल्याला हो म्हटलं होतं एवढं तुला ठाऊक असावं, असं ती म्हणाली.

सुदेश दचकला नाही. आधी तिला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसावं.

"माका ठाऊक आसा," तो म्हणाला.

"कोणी सांगल्यान?"

"कोणी सांगूक कित्या होया? मीच गुरवाकडे गेललंय. आदल्या रातीक. तेचे पाय धरलंय, म्हटलंय, कायय पडांदे, तू डावो सांग."

पत्र्यावरून वळवलेलं ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं. कुणीतरी "जरा खाली" म्हणालं आणि ऊन हनुवटीवर उतरलं. ती तशीच उभी राहिली.

मग तो भडाभडा बोलत गेला, चोवीस वर्षांचा साचलेला माणूस बोलतो तसा. त्याच आठवड्यात त्याला बोटीवरून बोलावणं आलं होतं. लगीन केलं असतं तर बाप जाऊ देणार नव्हता. त्याला जायचं होतं, जग बघायचं होतं. दोनतीन वर्षं थांब, असं तिला सांगायची त्याला लाज वाटली. ती रडली असती, आणि ती रडली असती तर तो गेला नसता. म्हणून त्याने देवाच्या तोंडात नाही घातलं. परत आल्यावर पुन्हा कौल लावू, देव पहिल्यांदा नाही म्हणतो आणि नंतर हो म्हणतो असं किती जणांचं झालंय, असा त्याचा हिशेब होता. देवाने नाही म्हटल्यावर पोरीचा बाप तिला तीन वर्षं घरात ठेवणार नाही, एवढी साधी गोष्ट त्या शहाण्याच्या डोक्यात आली नाही. आफ्रिकेच्या कुठल्याशा बंदरात त्याला बापाचं पत्र मिळालं. खाली एका ओळीत तिच्या लग्नाची बातमी होती.

"बापाशीक ठाऊक नव्हता?" तिने विचारलं.

"मरासर नाय."

म्हणजे ज्याला ती चार वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होती, तो महादू बिचारा निर्दोष गेला. त्याच्या दिवसांना ती जेवायला गेली नव्हती. आणि ज्याला सगळं गाव देवाचा शब्द पाळणारा म्हणत होतं, तो तिच्यासमोर पांढऱ्या सदऱ्यात उभा होता, आणि त्याने तो शब्द स्वतःच बनवला होता.

तिला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. तिला तिथून चालू लागावंसं वाटलं. पण पाय फुलीवर होते आणि सगळं गाव बघत होतं. ती हलली असती तर रात्रीपर्यंत घरोघरी शंभर गोष्टी झाल्या असत्या आणि शंभरही तिच्याच अंगावर आल्या असत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. समीक्षा मागून ओरडली, "मावशी, फारच छान! डोळे असेच ठेवा." कारण किशोरीचे डोळे भरले होते आणि पाणी उन्हात चमकत होतं, आणि कॅमेऱ्यातून ते म्हणे फार सुंदर दिसत होतं.

मग खरी मंडळी आली. या दोघांना दोरीच्या पलीकडे बसवलं आणि चहा दिला. नटीच्या डोळ्यांत बाटलीतले थेंब घातले, नट धावत आला, फुलीवर थांबला, आणि दोघं गळ्यात पडून रडली. सहा वेळा रडली. सहाव्या वेळी दिग्दर्शकाने टाळी वाजवली आणि गावानेही वाजवली. काशीबाई खरोखरच रडत होती. किशोरी कप हातात धरून बसली होती. सुदेश दोन हातांच्या अंतरावर, समुद्राकडे तोंड करून.

तिला कळत होतं की आता आपल्याला राग यायला हवा आणि तो राग टिकायला हवा. पण रागाच्या खाली दुसरंच काही होतं, आणि ते जात नव्हतं. हा माणूस लबाड होता, भेकड होता, पण एकवीस वर्षं तिच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर स्वतःच्या हाताने भात शिजवून खात होता. त्याने दुसरी केली नाही, ते देवासाठी नव्हतं. मग ते कशासाठी होतं हे तिला समजत होतं, आणि समजू नये असं वाटत होतं.

कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेला. त्या बाजूने पुन्हा सगळा उजेड लावायचा होता, म्हणून पुन्हा दोघांना फुल्यांवर बोलावलं. आता सुदेशची मान वर येईना. समीक्षाने तीनदा सांगितलं, काका, वर बघा. शेवटी किशोरीच म्हणाली, "वर बघ रे." त्याने बघितलं.

मग अगदी हळू म्हणाला, "गुरवाचो झील आता पूजा करता. परत लावया कौल?"

चोवीस वर्षांनी त्याला हेच सुचलं. तिला हसू आलं आणि ते हसू घशातच मोडलं.

"देवाक एकदा इचारलंस, तेना सांगल्यान. तेका परत त्रास कित्या?" ती म्हणाली. "आता माका इचार."

तिने आयुष्यात एवढं उघड कुणाला काही म्हटलं नव्हतं. तरी ती त्याच्याकडेच बघत राहिली. उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं, आणि ते उजवंच होतं. त्याने फक्त विचारायचं होतं. दोन शब्द, फार तर तीन. सुदेशचे डोळे भरून आले. त्याने तोंड उघडलं.

"काका, आता ओठ नका हलवू," समीक्षा म्हणाली. "फोकस घेतोय."

त्याने तोंड मिटलं. फोकस घेऊन झाला, समीक्षाने हात वर करून थँक यू म्हटलं, ती दोघं आता हलली तरी चालणार होतं. किशोरी फुलीवरून हलली नाही. मागून खरी मंडळी येऊन उभी राहिली, कुणीतरी मावशी जरा बाजूला म्हणालं, तरी ती उभीच होती, त्याच्या तोंडाकडे बघत. ते मिटलेलंच होतं.