लाकडी कौलांचा हट्ट

मी लोकर कातरायची शेड बोलतेय. टास्मानियाच्या माळावर, मेंढ्यांच्या एका जुन्या वाडीत उभी आहे. हल्ली माझ्याविषयी जो तो बोलतो, पण मला काय हवंय ते कुणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, आज आपणच तोंड उघडावं.

मला बांधलं कैद्यांनी. इंग्लंडहून जहाजात कोंबून आणलेली माणसं ती. कुणी चादर चोरलेली, कुणी बदक. त्यांनी झाडं पाडली, खांब तासले, आणि दारावरच्या दगडात नाव कोरलं गेलं मालकाचं. त्यांच्याही आधी या माळावर ज्यांच्या चुली पेटत होत्या, त्या मूळ रहिवाशांना तर हाकलूनच लावलं. आता माझ्यापुढे जी माहितीची पाटी लावलीय, तिच्यावर त्यांच्या वाट्याला एक ओळ आलीय, तीही सगळ्यात खाली.

सुरुवातीला माझ्यावर लाकडी कौलं होती, म्हणजे पातळ फळकुटं एकावर एक रचलेली. ती गळायची. दरवर्षी गळायची! मेंढ्या भिजायच्या, कातरणारे गडी शिव्या घालायचे. शेवटी मालकाच्या नातवानं कंटाळून पत्रा घातला, तेव्हा कुठं मला सुख लागलं. मेंढ्यांच्या अंगाच्या ओशटपणानं माझ्या फळ्या तुळतुळीत झाल्या. वाळवीची काय बिशाद होती जवळ यायची.

माझी आताची मालकीण थेल्मा. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, जिभेची धार मात्र शाबूत. तिला मूलबाळ नाही, म्हणून भावाचा मुलगा रसेल वाडी सांभाळायला आला. पोरगा वाईट नाही हो. पण जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा समितीच्या लोकांनी त्याच्या डोक्यात काय भरवलं कोण जाणे, तो मला वापरू नका म्हणायला लागला.

"आत्या, शेजारच्या डोनल्डकडे नवी शेड आहे. मेंढ्या तिथं कातरून घेऊ. ही जपायला हवी."

"वापरतेय म्हणून तर ती उभी आहे. बरणीत घालून ठेवायला ती काय लोणचं आहे?"

महिनाभर रोज हेच. माझे कान किटले. अखेर दोघांचं ठरलं: त्या वसंतात माझ्याकडे कातरणी पार पडली, तर रसेलनं पुन्हा विषय काढायचा नाही. नाही पार पडली, तर माझी किल्ली समितीला द्यायची.

मग थेल्मा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात गेली, आणि या शहाण्यानं काय करावं? माझा पत्रा उतरवला आणि 'पहिल्यासारखं' म्हणून नवी लाकडी कौलं चढवली. समितीनं त्याची पाठ थोपटली. अरे बाबा, नवी कौलं पाणी पिऊन फुगेपर्यंत फटी राहतात. ज्या मालकानं ती पहिल्यांदा बसवून घेतली, त्याचा नातूच ती काढून मोकळा झाला, तो काय हौस म्हणून?

कातरणीच्या आदल्या दिवशी पाऊस आला. मेंढ्या कोरड्या राहाव्यात म्हणून रसेलनं त्या माझ्या पोटात आणून कोंडल्या, आणि मी त्यांच्यावर रात्रभर गळत राहिले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

इकडची रीत अशी: मेंढ्या ओल्या आहेत अशी शंका आली, की प्रत्येक गडी दोन मेंढ्या कातरून बघतो आणि मग चिठ्ठी टाकून मत देतो. 'ओल्या' म्हणणारे जास्त निघाले, की काम बंद. ओल्या लोकरीनं सांधे धरतात, अंगावर फोड येतात, म्हणून त्यांची ही खबरदारी. मत देताना मालकानं आत थांबायचं नाही.

मुकादम डेस तीस वर्षं माझ्याकडे येणारा माणूस. सकाळी तो टोळी घेऊन आला, तेव्हा शहरातून परतलेली थेल्मा काठी टेकत दारापर्यंत आली.

"डेस, मी काही म्हणत नाही."

"म्हणूही नकोस, बाई. बाहेर जा."

पाच चिठ्ठ्या टोपीत पडल्या. तीन ओल्या, दोन कोरड्या. दुसऱ्या दिवशी या टोळीला पुढच्या वाडीवर हजर व्हायचं होतं, थांबायची सोयच नव्हती. डेसनं बाहेर येऊन निकाल सांगितला.

"तुझं मत काय होतं?" थेल्मानं विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

"ठाऊक आहे. तरी विचारलं." मग ती रसेलकडे वळली. "कौलं छान शोभतात हं." तिनं किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

त्यानंतर समितीनं मला सोडा लावून घासलं. सगळा ओशटपणा गेला, फळ्या तडकायला लागल्या. दोर बांधला, 'हात लावू नये' लिहिलं. रविवारी माणसं येतात, वर बघून 'वा' म्हणतात आणि चहा प्यायला जातात. कुणी दोन घटका टेकतसुद्धा नाही. याला म्हणे जपणं!

यंदाच्या वसंतात थेल्मा आणि रसेल कळप डोनल्डकडे न्यायला निघाले. वाट फुटते तिथं पुढच्या म्हाताऱ्या मेंढ्या सवयीनं माझ्याकडे वळल्या, आणि त्यांच्यामागे अख्खा कळप. माझ्या कुलूपबंद फाटकाला डोकी लावून उभ्या राहिल्या. मला काय वाटलं ते कसं सांगू? वाटलं, आता तरी कुणी उघडेल.

थेल्मा लंगडत माझ्यापाशी आली. कुलपाला हात लावून क्षणभर थांबली. मग तिनं शीळ घालून कुत्र्याला बोलावलं आणि कळप स्वतःच माघारी वळवला. एक म्हातारी मेंढी काही केल्या हलेना. थेल्मानं तिला हळूच ढकललं.

"चल बाई. इथं आपलं आता काही नाही."

माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी तिला दोष देत नाही. पण समितीच्या भल्या माणसांनो, पुढच्या वसंतात त्या मेंढ्या पुन्हा वळतील. त्या दिवशी तरी दार उघडं ठेवा. थेल्माला पुन्हा त्यांना माघारी वळवायला लावू नका.