कात्री थांबायची तेव्हा

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या दुकानातला जुना टेपरेकॉर्डर. माझी बाकीची बटणे बोटांनी झिजून गुळगुळीत झाली आहेत. फक्त आवाज भरून घेण्याचे लाल बटण अजून नव्यासारखे आहे. ते फार थोड्या वेळा दाबले गेले. माझे दुःख त्या बटणाचेच आहे.

कारखान्यात एका बाईने माझ्या पोटात रबरी पट्टा बसवला आणि मी फिरू लागलो. पुढे एका शिंप्याने मला विकत घेऊन इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर ठेवले. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

मास्तरांना गझलेचे वेड होते. कॅसेट दोन-तीनच, पण त्या रोज लागत आणि मास्तर बरोबरीने गात. आवाज भसाडा, पण मायेने भरलेला. शेराची पहिली ओळ संपली की त्यांची कात्री थांबे. दुसरी ओळ पुरी झाली की ते "हाय!" म्हणत, आणि मगच कात्री पुढे चाले.

एकदा एक गिऱ्हाईक वैतागले. "मास्तर, माप दिलं तेव्हा मी बारीक होतो. तुमचं गाणं संपेपर्यंत ही पँट मला बसायची नाही!"

"मग दोन बोटं सैल ठेवतो. बसा, पुढचा शेर ऐका."

त्यांची मुलगी काजे करता करता ऐकत असे. तिचा गळा गोड, पण ती घाईने गाई. मास्तर म्हणत, "पोरी, कापडाला कात्री लावायच्या आधी हात थांबतो ना? तशी थांब. ऐकणाऱ्याला जरा वाट बघू दे."

तिला दूरच्या गायनशाळेत जायचे होते. त्यासाठी स्वतःच्या गाण्याची कॅसेट पाठवायची होती. मास्तरांनी लाल बटण दाबले. ती गाऊ लागली. दुसऱ्या शेराला मास्तरांना राहवले नाही, तेही गाऊ लागले.

"बाबा! सगळं बिघडवलंत. गप्प बसा ना थोडा वेळ!"

"चुकलं गं. पुन्हा म्हण."

मास्तर मुकाट्याने कापडापाशी गेले. हात गुंतले की तोंड बंद राहील, असे त्यांना वाटले असावे. मुलीने कॅसेट मागे फिरवली आणि लाल बटण पुन्हा दाबले. मित्रांनो, नवा आवाज भरताना मी आधीचा पुसून टाकतो. मास्तरांचा आवाज माझ्यात एकदाच आला होता. तो मीच पुसला.

तिला प्रवेश मिळाला, कॅसेट परत आली. पुढे ती नावाजलेली गायिका झाली. ओळीनंतरच्या तिच्या थांबण्याला लोक दाद देत. मास्तर रोज तीच कॅसेट लावत, पण तिच्यासोबत पुन्हा कधी गायले नाहीत. नुसते ओठ हलत. जणू मी अजून भरूनच घेत होतो.

मग मास्तर गेले. दुकानाला कुलूप लागले, माझ्यावर धूळ बसली. बऱ्याच दिवसांनी मुलगी आईबरोबर आली.

"आई, बाबांचा आवाज कुठे आहे का गं? एक ओळ तरी?"

"तूच गप्प बसवलंस त्यांना," आई बोलून गेली, आणि लगेच तिने मुलीचा हात धरला.

मुलीने कॅसेट लावली. माझा पट्टा सैल झाला होता, तरी मी जिवाच्या आकांताने फिरलो. तिचाच कोवळा आवाज आला. त्याच्या मागे कात्री चालत होती. पहिली ओळ संपली, कात्री थांबली. दुसरी ओळ संपली. "हाय" आले नाही. फक्त एक श्वास, घशात अडवलेला. मग कात्री पुन्हा चालू झाली.

तिने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. शेवटी माझ्या जाळीला कपाळ टेकून म्हणाली, "म्हणा ना, बाबा. म्हणा."

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांवरची धूळ पुसत जा, आम्हाला अधूनमधून चालवत जा. पण लाल बटण दाबण्याआधी आत कोण आहे, ते एकदा ऐकून घ्या. आणि घरात कोणी बेसूर गात असेल, तर त्याला गाऊ द्या.