जोडपान

दर्शनाने स्क्रीनवर मधोमध एक उभी निळी रेघ ओढली. ती नेमकी फोटोतल्या कमळाबाईंच्या नाकावरून गेली.

"हे काय आहे?" तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या आम्रपालीबाईंनी विचारलं.

"घडी. इथे डावं पान संपतं आणि उजवं सुरू होतं."

"आणि माझ्या आईचं तोंड?"

दर्शनाने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. अंक जाड होता, पाठीला गोंद लावून बांधायचा. अशा बांधणीत मधली बोटभर जागा आत ओढली जाते. तिथे आभाळ असावं, पडदा असावा. माणूस असू नये. सकाळी तिने संपादकांना फोनवर हे सांगितलं होतं. संगीताचं हे त्रैमासिक ते रत्नागिरीतूनच काढत, पण आज ते कोल्हापुरात एका लग्नात होते. "दोघांना बोलावून घे, काय ते ठरव," ते म्हणाले होते, "पाचला फाइल छापखान्यात गेली पाहिजे."

त्या दोघांपैकी दुसरे, अनिल तांबे, दाराशी खुर्चीत बसले होते. फोटो त्यांचा होता. खेडजवळच्या एका वाडीत चौदा एप्रिलच्या जयंतीला झालेल्या जलशाचा, चाळीसएक वर्षांपूर्वीचा. पांढऱ्या कपड्यांतली नऊ माणसं, खांद्याला खांदा लावून. उजव्या टोकाला माइकपाशी अनिलचे वडील, शाहीर जानू तांबे. मधोमध पार्टीची मुख्य गायिका कमळा. शाहीर आणि कमळाबाई दोघंही आता हयात नव्हते.

"मुद्दाम केलंय हे," आम्रपालीबाई म्हणाल्या. त्या दर्शनाशी बोलत होत्या, पण तोंड दाराकडे होतं. "कॅसेटवर नाव नाही, पुस्तिकेत नाव नाही. आता तोंडसुद्धा नको."

"तिला मधे उभी केली ती फोटोवाल्यानं," अनिल म्हणाले. "मधली जागा मानाची म्हणून. मान दिला तर तोही खुपतो तुम्हाला."

"मान! 'जानू तांबे आणि पार्टी'. तेवढंच छापायचे ना? पार्टी म्हणजे काय, भाजीतलं मीठ?"

"जेवताना मिठाचं नाव कोण विचारतं, बाई?"

आम्रपालीबाईंनी पर्स टेबलावर आपटली. प्रूफांचे दोन कागद खाली पडले. दर्शनाने वाकून ते उचलले आणि पुन्हा जागेवर ठेवले.

"एका पानावर घेऊ या का?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "फोटो लहान होईल, पण सगळे नीट दिसतील."

"नाही," अनिल म्हणाले. "दोन पानांवर जायचा असेल तर जाईल. नाहीतर माझा फोटो मला परत द्या. संपादकांशी तसंच बोलणं झालंय."

"बघा," आम्रपालीबाई म्हणाल्या. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी."

"मढं कोणाचं काढताय? फोटो आमच्या पेटीत राहिला म्हणून आज दिसतोय. तुमच्याकडे आईचा आहे का एखादा? गातानाचा?"

खिडकीखालून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. आईचा गातानाचा फोटो आम्रपालीबाईंकडे नव्हता. गावच्या शाळेच्या कपाटात, नातेवाइकांकडे, मुंबईला, सगळीकडे शोधून झालं होतं. आधार कार्डावरचा होता, आणि हॉस्पिटलातला एक. आई गाताना दिसते असा हाच एक.

घड्याळात साडेचार वाजले होते. दर्शनाने फोटो धरून अंगठ्याएवढा डावीकडे सरकवला. उजवीकडे उघडी पडलेली पांढरी पट्टी भरण्यासाठी तो किंचित मोठा केला. डाव्या टोकाचा पडदा थोडा कापला गेला, माणूस कोणी गेला नाही. कमळाबाई आता पूर्णपणे डाव्या पानावर होत्या. तोंड उघडं, एक हात कानाशी.

"उजवीकडे सरकवता येणार नाही," दर्शना म्हणाली. "शाहीर कापले जातील."

"तो प्रश्नच नाही," अनिल म्हणाले.

निळी रेघ आता कमळाबाईंच्या शेजारणीच्या कपाळावरून, दोन्ही डोळ्यांच्या मधून खाली गेली होती. एक काटकुळी बाई, टाळ धरलेली, हनुवटी जवळजवळ कमळाबाईंच्या खांद्यावर टेकलेली.

अनिल उठून स्क्रीनपाशी आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाहिलं.

"ही कोण?"

"तुळसामावशी," आम्रपालीबाई म्हणाल्या. "मागून सूर धरायची."

"अस्सं." अनिलनी चष्मा खाली घेतला. "मग हिला घालायची ना घडीत? सांगा की. आता तुमच्या हातात आहे. आम्ही माणसं गिळणारे. तुम्ही काय करता ते तरी बघू."

दर्शनाने मान वर केली नाही. फोटोतल्या माणसांत कुठेच बोटभर फट नव्हती. तिने ते सकाळपासून तीनदा तपासलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "कोणीतरी जाणारच."

आम्रपालीबाईंनी पर्सची चेन उगाचच ओढून पुन्हा बंद केली.

"असू दे असंच," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी भांडायला कोणी येणार नाही."

अनिल हसले नाहीत. हसण्याची तयारी केलेलं त्यांचं तोंड तसंच राहिलं. ते परत खुर्चीत जाऊन बसले.

दर्शनाने फाइल जतन केली. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. आम्रपालीबाईंनी नाव पाहिलं आणि तो वाजू दिला. बंद पडून लगेच पुन्हा वाजायला लागला, तेव्हा घेतला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की खोलीभर ऐकू आला.

"बाय, पोचलीस काय रत्नागिरीला? आमचा दीपक बोलला, आज फोटोचा काम हाय."

"पोचले, मावशी."

"मी हाय काय गो त्यात?"

अनिलनी मान खिडकीकडे वळवली.

"आहेस."

"खरा? खय हाय?"

"आईच्या बाजूला. अगदी मधोमध."

"अगो बाय!" पलीकडे कोणाला तरी मोठ्याने सांगितलेलं ऐकू आलं, मग पुन्हा आवाज जवळ आला. "मोठा हाय ना? बारका मला आता दिसत नाय."

"मोठा आहे. दोन पानांवर आहे."

"दोन पानांवर! ऐकलास काय रे दीपक? देवरूखला येशील तवा घेऊन ये. विसरू नको हां."

"आणते."

फोन बंद झाला. आम्रपालीबाईंनी तो हातातच ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने प्रूफांचे कागद पुन्हा हलायला लागले. अनिलनी टेबलावरचा पेपरवेट सरकवून त्यांच्यावर ठेवला.

"मॅडम, पाठवू?" दर्शनाने विचारलं. "पाचला दहा कमी आहेत."

आम्रपालीबाईंनी बाजूची खुर्ची ओढली आणि आल्यापासून पहिल्यांदाच बसल्या.

"तिचा चेहरा जरा जवळ आणता येईल?"

दर्शनाने तो मोठा केला. तुळसाबाईंचा अर्धा ओठ आणि एक डोळा आधी दिसला, मग पुरता चेहरा. आम्रपालीबाईंनी मोबाइल स्क्रीनसमोर धरला. त्यांनी फोटो काढला. मग आणखी एक.

मोबाइल पर्समध्ये टाकत त्या म्हणाल्या, "पाठवा."