खालून सुंदर दिसणारे घर

मित्रांनो, मी एक जुने घर आहे, पण माझ्यात माणसे राहत नाहीत. ओहायोतल्या एका तळ्याकाठच्या बागेत उंच खांबावर मी बसलेले आहे. बारा खोल्या, बारा दारे, पांढरा रंग. माझे भाडेकरू म्हणजे मार्टिन, जांभळी झाक असलेली भिंगरी जातीची पाखरे. इकडच्या मार्टिननी झाडांच्या ढोल्या केव्हाच सोडल्या. माणसाने घर दिले तरच त्यांचा संसार मांडला जातो.

मला हार्लन स्टकी या बस दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने बनवले. दर आठवड्याला कप्पी फिरवून तो मला खाली उतरवी, खोल्या तपासी, चिमण्यांनी कोंबलेले गवत काढी आणि पुन्हा वर चढवी. मे महिन्यात मध्येच थंडी आली की हवेतले किडे नाहीसे होत आणि उडता उडताच खाणारे मार्टिन उपाशी राहत. मग हार्लन आणि त्याची बायको लोरीन अंडी फेटून परतत आणि चमच्याने एकेक तुकडा हवेत भिरकावत.

"अगं, उंच उडव की! पाखरं काय खाली पंगतीला बसणारेत?"

"तुम्हीच उडवा मग! घरात अंडं उरलं नाही. उद्या नाश्त्याला काय, पाखरांची शीट वाढू?"

किती हसत ती दोघे!

एका हिवाळ्यात हार्लन गेला. गाव हळहळले. मला नवा रंग दिला, खांबाला त्याच्या नावाची पितळी पाटी ठोकली आणि कोणी खोडी काढू नये म्हणून कप्पीला कुलूप घातले. लोरीन दर वसंतात येई आणि पाटी घासूनपुसून लख्ख करी. लोक माझे फोटो काढत. खाली मात्र मला कोणीच उतरवले नाही.

हार्लन गेल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात चार दिवस गार पाऊस लागला. मार्टिन दारांत बसून खाली बघत राहिले. कोणी आले नाही. चौथ्या दिवशी सगळे सातव्या खोलीत शिरले, एकमेकांना बिलगले आणि हळूहळू त्यांचा आवाज थांबला. मित्रांनो, ती शांतता मला अजून ऐकू येते.

पुढची पाच वर्षे नवे मार्टिन येत, सातव्या दारातून आत डोकावत आणि निघून जात.

यंदा मार्चमध्ये लोरीन पाटी पुसत होती. बागेतला कामगार ड्वेन सहज म्हणाला, "मावशी, यात पाखरं कधी दिसतच नाहीत हो."

तिचा हात थांबला. "शेवटचं खाली कधी उतरवलंत?"

"हे उतरवतात? मला वाटलं, शोभेचं आहे."

किल्ली कोणालाच सापडेना. ड्वेनने कुलूप कापले आणि गंजलेल्या कप्पीवरून मी करकरत खाली आले. लोरीनने सातवे दार उघडले. आत चौदा सुकलेली पाखरे होती, सगळ्यांची डोकी मधोमध.

ती ओल्या गवतात मटकन बसली. "अहो," ती नसलेल्या हार्लनला म्हणाली, "मी नुसती तुमची पाटी पुसत बसले हो. त्या पावसात घरात दोन डझन अंडी होती."

तिने माझ्या खोल्या धुतल्या, वाळवल्या, स्वच्छ केल्या. एप्रिलमध्ये मार्टिन आले आणि खोल्या भरल्या. फक्त सातवी तशीच रिकामी आहे. तिच्यात कोणी शिरत नाही.

मित्रांनो, तुमच्याही बागेत असे एखादे घर असेल. खालून ते छानच दिसेल. तरी त्याला एकदा खाली उतरवा, दार उघडा आणि आत कोण आहे ते बघा.