सोमवारची पहिली बाटली

बाबांच्या टाकीचं पाणी तिसऱ्यांदा नापास झालं, त्या दिवशी बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. बाई आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख.

"बस. सात नंबरच्या नमुन्याला तू हात लावायचा नाहीस. रजिस्टरमध्येही काही लिहायचं नाहीस."

"मी कधी लावलेलाच नाही, बाई. टाक्यांचे नमुने दादाच गाळतात."

"मला माहीत आहे. पण उद्या कोणी विचारलं, तर मला ते सांगता आलं पाहिजे."

शहरात पाण्याच्या अकरा टाक्या आहेत. दर सोमवारी प्रत्येक टाकीवरचा माणूस बर्फाच्या पेटीतून पाण्याची एक बाटली आमच्याकडे आणतो. आमच्या प्रयोगशाळेतले सहायक दादा ते पाणी एका गोल पांढऱ्या कागदातून गाळतात, गाळणीचं भांडं वरून स्वच्छ पाण्याने धुऊन घेतात आणि कागद चोवीस तास इन्क्युबेटरच्या उबेत ठेवतात. मंगळवारी कागदावर पिवळे ठिपके उगवलेले दिसले, तर पाण्यात जंतू होते असं समजायचं. सात नंबरची टाकी सव्वीस वर्षं बाबांकडे होती. गेल्या चार सोमवारांपैकी तीन सोमवारी त्यांच्या कागदावर ठिपके आले होते. आणखी एकदा आले, की त्यांना टाकीवरून काढून भांडारात बसवायचं ठरलं होतं, आणि आदेशात कारण असणार होतं: क्लोरीन टाकण्यात हलगर्जी.

"मी क्लोरीन टाकतो," रात्रीच्या जेवणाला बसल्यावर बाबा म्हणाले. "रोज टाकतो, मोजून टाकतो, वहीत लिहितो."

"वही तुमचीच आहे, बाबा."

"मग काय शेजाऱ्याची आणू? मला माहीत आहे ना मी काय करतो ते."

"तुम्हाला माहीत आहे. बाईंना नाही."

"तू सांग त्यांना."

"मी तुमची मुलगी. माझं खरंसुद्धा तिथे चालत नाही."

"वा! एवढं शिकवलं ते यासाठी," बाबा म्हणाले आणि ताटात मान घालून जेवू लागले.

कॉलेजात तर्कशास्त्राचे नियम आम्हाला फळ्यावर लिहून दिले होते. अमुक असेल तर तमुक; तमुक नाही, म्हणून अमुक नाही. जणू ते नियम फळ्यावरच जन्मले होते. त्या जेवणानंतर भांडी विसळताना मला वाटलं, की तर्काची सुरुवात फळ्यापाशी झालेली नसणार. ज्याला एखादी गोष्ट माहीत आहे, त्याला एकट्याला तर्काची गरजच काय? ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं, अशा कोणाला तरी पहिल्यांदा बोलण्याची अशी पद्धत शोधावी लागली असेल, की बोलणारा कोण आहे याने काही फरक पडू नये. मला नेमकी तशीच पद्धत हवी होती.

बाबांचं अजून संपलं नव्हतं. ते ओट्यापाशी येऊन म्हणाले, "माझ्या कामात ढिलाई असती, तर सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचलो असतो का मी? तुमचे दादा कुलूप काढत असतात, तेव्हा मी पेटी घेऊन पायरीवर उभा असतो. दर वेळी पहिली बाटली माझी."

मी नळ बंद केला. "दर वेळी?"

"एकदा दाढ दुखत होती, तेव्हा बदलीचा माणूस गेला. तो साहेब दहाला पोचला म्हणे."

आमच्या रजिस्टरमध्ये निकाल टाकीच्या क्रमांकाने लिहितात, एक ते अकरा. आधी कोणती बाटली गाळली, याची नोंद कुठेच नसते. रोज ते रजिस्टर पाहणाऱ्या मला बाबांचा नंबर सातवा म्हणून पाठ होता. ते पहिले असतात, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सकाळी मी फाटकावरच्या वहीतून चार सोमवारांच्या वेळा उतरवून घेतल्या. तीन सोमवारी सगळ्यांत आधी बाबा आले होते, आणि त्या तिन्ही वेळी सात नंबर नापास. दाढ दुखली त्या सोमवारी सात नंबर पास, आणि तीन नंबर नापास. त्या दिवशी पहिला आला होता तीन नंबरचा माणूस. त्या टाकीजवळ रस्ता खोदलेला होता, म्हणून सगळ्यांनी दोष खोदकामाला दिला होता. कारण हाताशी मिळालं, की माणूस पुढे शोधत नाही. मीही शोधलं नव्हतं.

चार सोमवारांपूर्वी आमच्याकडे एकच गोष्ट बदलली होती. त्याआधी गाळणीचं भांडं धुवायला दादा उकळलेल्या पाण्याच्या लहान बाटल्या रोज नव्याने भरत. आता फळीवर मोठा काचेचा घडा होता आणि त्यातून हातभर रबरी नळी खाली आली होती. चिमटा सोडला की पाणी येई.

मी कागद बाईंपुढे ठेवला. त्यांनी दादांनाही बोलावून घेतलं.

"शनिवार-रविवार त्या नळीत पाणी साचून राहतं," मी म्हणाले. "सोमवारी ते सगळं पहिल्या नमुन्यावर पडतं. नंतरच्यांना घड्यातलं ताजं पाणी मिळतं."

दादांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या हातावर शंका?"

"हातावर नाही दादा, नळीवर."

"अगं, पण आपण कोरा कागद लावतोच की. नुसतं धुण्याचं पाणी गाळून बघतो. तो कायम स्वच्छ येतो."

"तो शेवटी लावता ना?"

"शेवटीच लावणार. लोक बाटल्या घेऊन खोळंबलेले असतात. आधी पाहुणे, मग घरचे."

"तोवर नळी दहा-अकरा वेळा धुतली गेलेली असते. कोरा कागद पहिला लावून बघा."

बाईंनी चष्मा काढला. "आणि पहिला लावूनही तो स्वच्छ निघाला तर?"

"तर माझं म्हणणं चुकीचं."

"आणि वडील?"

"त्यांच्या बाजूने माझ्याकडे दुसरं काही नाही."

"तुला खात्री आहे?"

"खात्री नाही, बाई. पण मी चुकत असेन, तर ते मंगळवारी दिसेल. त्यासाठी माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही."

"येत्या सोमवारी कोरा कागद पहिला," बाई दादांना म्हणाल्या. घरी मी बाबांना हे सांगितलं, तेव्हा त्यांचा वेगळाच समज झाला.

"तुमच्या प्रयोगासाठी मी उशिरा येऊ? जमणार नाही."

"येऊ नका उशिरा. दादा तुमची बाटली पाचवी गाळतील."

"आणि तोवर?"

"तोवर बर्फात."

"बरं," ते म्हणाले. "मी आपला पायरीवर."

सोमवारी मी माझ्या टेबलावर विहिरींचे नमुने तपासत बसले आणि दादांच्या टेबलाकडे पाठ केली. मंगळवारी इन्क्युबेटर बाईंनी स्वतः उघडला. कोरा कागद त्यांनी खिडकीशी नेला आणि बोटाने मोजू लागल्या. चौदा ठिपके होते. त्यानंतर गाळलेल्या अकराही टाक्यांचे कागद स्वच्छ होते, सात नंबरचाही.

"घ्या," दादा म्हणाले. "मला वाटलं, उकळलेलं पाणी आहे, त्याला काय होतंय!" त्यांनी लगेच स्टुलावर चढून नळी उपटली.

बाई तिथेच उभ्या राहून पत्राचा मसुदा सांगू लागल्या. "लिही. मागील तिन्ही वेळी सात नंबर टाकीचं पाणी शुद्ध होतं..."

"बाई, हे आपल्याला माहीत नाही."

"काय?"

"काल शुद्ध होतं, एवढं माहीत आहे. त्या तीन वेळी नळीतले जंतू कागदावर आले. पण त्यांच्याबरोबर पाण्यातलेही होते की नाही, हे आता कसं कळणार? ते निकाल रद्द, एवढंच म्हणता येईल. तीन नंबरचाही."

"तू त्यांची मुलगी आहेस की विरोधी पक्ष?"

"चुकीच्या कारणाने आपण त्यांना दोषी ठरवत होतो. आता तसंच निर्दोष ठरवायला नको."

बाईंनी पहिलं वाक्य खोडलं. "चारही निकाल रद्द समजावेत. हलगर्जीचा प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे," त्या म्हणाल्या, आणि मी ते लिहिलं.

संध्याकाळी बाबांनी पत्र दोनदा वाचलं. टाकी त्यांच्याकडेच राहिली होती. आईने खुशीत गोडाचं करायला घेतलं होतं. पण बाबांची भुवई वर गेली.

"पाणी चांगलं होतं, असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही."

"बाई विसरल्या?"

"मी लिहू दिलं नाही. ते कोणालाच माहीत नाही, बाबा."

"मला माहीत आहे!"

"हो. पण दाखवता येत नाही. बाटलीतलं सगळं पाणी आम्ही त्याच नळीखालच्या भांड्यात गाळून संपवलं; पुन्हा तपासायला काही उरलंच नाही."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. सव्वीस वर्षं पाण्याची चव, रंग, वास ओळखणारा माणूस ही गोष्ट मनात घोळवत होता.

"दुसरी बाटली असती तर?" शेवटी त्यांनी विचारलं. "त्याच पाण्याची. बर्फात राखून ठेवलेली."

"तर त्याच दिवशी ती वेगळ्या भांड्यातून गाळून पाहता आली असती."

"मग हे आधी का नाही सुचलं तुम्हा शिकलेल्यांना?"

"गरज पडली नव्हती," मी म्हणाले.

पुढच्या सोमवारी दादा कुलूप काढायला गेले, तेव्हा बाबा पायरीवर उभे होते. त्यांच्या पेटीत दोन बाटल्या होत्या. दुसरी कशासाठी, हे ते दहा नंबरच्या माणसाला समजावून सांगत होते, आणि तो काही केल्या ऐकत नव्हता.