चाळीस मिनिटांचं भूत

गंगाखेडच्या अलीकडच्या ओढ्यावर सकाळी साडेनवालाच दीड-दोनशे माणसं गोळा झाली होती. कुणी पुलाच्या कठड्यावर चढलं होतं, कुणी मोबाइल उंच धरला होता. मधोमध बॉनेट उघडलेली पांढरी व्हॅन उभी होती आणि तिच्यासमोर स्टार्टर महाराज.

महाराजांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. बंद पडलेली गाडी मंत्रानं चालू करतात म्हणून लोकांनीच हे नाव ठेवलं होतं आणि महाराज ते आनंदानं मिरवत होते. डोळे मिटून, हात वर करून ते गरजत होते, "डिझेल पिनारे, धूर वकनारे, सोड! टायर धरलं आसशील तर टायर सोड! गेर धरला आसशील तर गेर सोड! हिला परभनीला जाऊ दे!"

त्यांच्या चेल्यानं लाल कापड कळशीत बुडवून इंजिनावर पसरलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली आणि गर्दीतली एक बाई किंचाळली, "निघाली! निघाली भायेर!"

व्हॅनचा मालक आणि ड्रायव्हर सिद्धोधन दाराला टेकून उभा होता. त्याचं लक्ष वाफेकडे नव्हतं, मागच्या सीटकडे होतं. तिथं तात्याराव धापा टाकत बसले होते. पाय इतके सुजलेले की चपला हातात घेतलेल्या. शेजारी गीताबाई खिडकीला डोकं टेकवून होत्या. सोनपेठला तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. दोघांच्याही किडन्यांनी काम सोडलं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीला जाऊन यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं, तेव्हा कुठं पुढचे तीन-चार दिवस मिळायचे. ते दिवस सिद्धोधनच्या गाडीवर अवलंबून होते.

आणि गाडी दगा देत होती. सोनपेठहून निघाली की नीट धावायची आणि या पुलाशी आली की कुणी किल्ली फिरवल्यासारखी गपकन बंद पडायची. स्टार्टर मारला की नुसती कुरकुरायची. पहिल्यांदा घडलं तेव्हा सिद्धोधननं गंगाखेडहून मेकॅनिक आणला. तो येईतो गाडी एका झटक्यात चालू झाली. स्कॅनर लावला, त्यात काही दिसलं नाही. फिल्टर बदलला, पंप बदलला. पुढच्या फेरीला गाडी पुन्हा याच पुलावर मेली. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, गाडीत काईच खराबी न्हाई. आता दुसरं काई आसंल तर मला न्हाई कळत."

ते 'दुसरं' स्टार्टर महाराजांना बरोबर कळलं. "ह्या वढ्यात एक बाई बुडून मेली," त्यांनी सांगितलं. "तिला दवाखान्यात जायचं व्हतं, गाडी भेटली न्हाई. आता ती दवाखान्याच्या गाड्या धरायली."

गाडी बंद पडण्याची आजची ही तिसरी खेप होती. महाराजांचं पाऊण तास चाललं. मग त्यांनी डोळे उघडले, सिद्धोधनकडं बोट केलं. "मार किल्ली. पन आधी हात जोड."

सिद्धोधन थबकला. त्याच्या घरात गंडादोरा कधी शिरला नव्हता. त्याचे वडील गावोगाव जाऊन सांगायचे, विचारल्याशिवाय काही मानू नका. पण आत तात्याराव म्हणाले, "जोड की बाबा. माजा जीव चाललाय." आवाज अगदी विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता. सिद्धोधननं हात जोडले. गर्दीतल्या तीस-चाळीस मोबाइलांनी ते टिपलं. त्यानं किल्ली फिरवली. गाडी चालू झाली.

जयजयकारात त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याच क्षणी, खरं सांगायचं तर, हायसंही वाटलं.

मंगळवारी ऊन असं तापलं होतं की नऊलाच डांबर मऊ पडलं. गाडी पुलावर मेली. महाराज हजर होतेच, पण ओढा आटलेला, चेल्याची कळशी कोरडी. मंत्र झाले, लिंबं झाली, नारळ झाले. तास गेला, सव्वा तास गेला, गाडी हलेना. गर्दी कुजबुजायला लागली तसा महाराजांचा आवाज चढला.

"आता ती लय खवळली! ह्या गाडीत जे जे बसले, त्यायला तिनं बगून ठिवलंय. आवसंपस्तोर त्यातल्या कुनीबी हा पूल वलांडायचा न्हाई. कोन्त्याबी गाडीतून न्हाई! वलांडला तर मेला!"

अमावास्येला सतरा दिवस होते.

गीताबाई गाडीतून उतरल्या. "महाराज, सतरा दिवस डायलिसिस चुकलं तर माणूस कशानं मरतो ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि समोरून आलेल्या एसटीला हात केला. उभ्यानंच परभणीला गेल्या. तात्यारावांना मात्र त्यांचा मुलगा दत्तराव मोटारसायकलवर येऊन घरी घेऊन गेला.

शुक्रवारी सिद्धोधननं मेहुण्याची जीप मागून आणली आणि तात्यारावांच्या दारात उभी केली.

"दत्तराव, गाडी दुसरी हाय. मी आन बाई दोगं संगट हाव. चला."

दत्तराव उंबऱ्यातून हलला नाही. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. "सिद्धोधनभाऊ, तुमी तर आसलं काई मानीत न्हाई ना? मंग त्या दिवशी हात का जोडले? समद्या गावानं मोबाइलात बगितलं. तुमच्यासारख्यानं जोडले, मंग आमी कोन लागून गेलाव?"

आतून तात्यारावांच्या श्वासाचा घुर्र घुर्र आवाज येत होता. गीताबाई जीपमधून उतरून आत गेल्या, विनवलं, दटावलं, शेवटी पदर डोळ्याला लावून परत आल्या. मंगळवारीही तेच झालं. बुधवारी पहाटे तात्याराव गेले. फुप्फुसात पाणी भरलं होतं. शेवटचे दोन तास त्यांना आडवं होता आलं नाही.

अंत्यविधी आटोपल्यावर सिद्धोधन गीताबाईंच्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "बाई, गाडी इकून टाकतो. माज्या जोडलेल्या हातानं मेला तो मानूस."

गीताबाईंनी त्याला पाणी दिलं आणि औषधांच्या वेळा लिहायची आपली वही पुढं केली. "हे वाच. मीही उशीरच केला. आधी कळायला पाहिजे होतं."

वहीत गाडी निघाल्याच्या, बंद पडल्याच्या आणि चालू झाल्याच्या वेळा होत्या. प्रत्येक वेळी निघाल्यापासून चाळीस मिनिटांच्या आसपास बंद. मेकॅनिकची वाट बघताना, मंत्राशिवाय, अडतीस मिनिटांनी चालू. महाराजांच्या मंत्रानं पंचेचाळीस मिनिटांनी चालू.

"म्हंजे मंत्रानं सात मिनटं जास्तीच लागली?" सिद्धोधन म्हणाला.

"आता सांग, सोनपेठहून त्या पुलापर्यंत किती वेळ लागतो?"

"चाळीस... बाई!"

"पूल गाडी थांबवत नाही. चाळीस मिनिटं थांबवतात. पण हे माझं अनुमान झालं, पुरावा नाही. उद्या उलट्या दिशेनं चालवून बघ."

दुसऱ्या दिवशी सिद्धोधननं गाडी सोनपेठहून पाथरीच्या रस्त्याला घातली. ओढा नाही, पूल नाही, बुडालेली बाई नाही. एकेचाळिसाव्या मिनिटाला उसाच्या फडाशेजारी गाडी गपकन बंद पडली. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. इतकं साधं होतं. आठ दिवस आधी केलं असतं तर!

गीताबाईंची जुनी विद्यार्थिनी ऋतुजा परभणीत मुलांना गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिनं एकेक भाग गरम करून तपासला आणि बॅटरीशेजारच्या चपट्या डब्यावर बोट ठेवलं. "हा ईसीएम. इंजिनाला डिझेल कधी आणि किती द्यायचं ते हा ठरवतो. याच्या आत एका जोडाला केसाएवढी भेग आहे. डबा तापला की भेग उघडते, इंजिन मरतं. थंड झाला की भेग मिटते, गाडी चालू. पुढच्या मोकळ्या रस्त्यावर वारा लागायचा, परतीला संध्याकाळ असायची, म्हणून तेव्हा डबा तेवढा तापत नसे. म्हणून मेकॅनिक येईतो दुखणं पळून जायचं."

अमावास्या शुक्रवारी होती. त्या दिवशी पुलावर जत्राच भरली. महाराज बाधा उतरवणार होते. सिद्धोधननं गाडी जवळच्या गंगाखेडहून गर्दीत आणून उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. ऋतुजानं समोरच्या हॉटेलातून वायर ओढली, केस वाळवायचं यंत्र काढलं आणि गरम हवा त्या डब्यावर सोडली.

"काय चाललंय हे?" महाराज गुरगुरले.

"भूत आणायलेय," ऋतुजा म्हणाली.

पाचव्या मिनिटाला इंजिन मेलं. गर्दी मागं सरली. ऋतुजानं बर्फाची पिशवी डब्यावर ठेवली आणि घड्याळ सगळ्यांना दिसेल असं धरलं. आठ मिनिटांनी सिद्धोधननं किल्ली फिरवली. गाडी चालू! पुन्हा गरम हवा, पुन्हा बंद. पुन्हा बर्फ, पुन्हा चालू. मंत्र नाही, लिंबू नाही. चौथ्या वेळी तर पोरंच मोठ्यानं आकडे मोजायला लागली.

मग तिनं जुना डबा काढून नवा बसवला. लॅपटॉप जोडून त्याला गाडीच्या किल्लीची ओळख करून दिली, कारण अनोळखी किल्लीनं ती गाडी चालू होत नसे. नव्या डब्यावर वीस मिनिटं गरम हवा सोडली. इंजिन एकसारखं चालत राहिलं.

"महाराज," ऋतुजा म्हणाली, "चालू करायचा मंत्र आम्ही ऐकला. आता बंद पाडायचा म्हणा."

लोक हसले. त्या हसण्यानं महाराजांचा तोल गेला. "त्यात काय मोठं केलंस गं पोरी? बारा वर्षं ट्रकवर क्लीनर व्हतो मी! तापलेली गाडी वलं कापड टाकून थंड केली की चालू व्हतीच. हे मला काय तू शिकिवतीस?"

हसणं थांबलं. बोलून गेल्यावर काय बोललो ते महाराजांच्या ध्यानात आलं. तोवर दत्तराव गर्दीतून पुढं आला होता. डोकं मुंडलेलं, सुतक अजून फिटलेलं नव्हतं.

"म्हंजे तुमाला ठावं व्हतं?" त्यानं हळूच विचारलं. "गाडी कशानं बंद पडायली ते ठावं व्हतं? मंग माज्या बापाला का आडिवलं?"

महाराज मागं वळून चेल्याला शोधायला लागले. चेला गर्दीतून कधीच सटकला होता. दत्तरावनं हात उचलला तेव्हा सिद्धोधननं तो धरला. "मारू नगा. हे सगळं पोलिसांत जाऊन सांगू. आसल्यासाठी कायदा हाय. मी साक्षीला उभा ऱ्हातो."

मग तो गर्दीकडं वळला. त्याला भाषण येत नव्हतं.

"माजे हात जोडलेले तुमी समद्यांनी बगितले. आज माजी चूक बी ऐका. मला गाडीतलं काई कळलं नव्हतं, नुसती भीती वाटली व्हती. भीती समद्यांना वाटती, त्यात लाज न्हाई. पन भीती वाटली की ईचारा. दुसऱ्या जागी बी आसंच व्हतं का? मंत्र न्हाई म्हनला तरी व्हतं का? एवढे दोन सवाल मी येळेवर ईचारले आसते तर तात्या आज गाडीत बसलेले आसते. त्यायला वढ्यातल्या बाईनं न्हाई मारलं. ह्या मानसाच्या खोटेपनानं मारलं आन माज्या गप ऱ्हान्यानं मारलं."

मग महाराजांकडं बोट करून तो म्हणाला, "आजारी मानसाला जो दवाखान्यापसून आडिवतो, तो देवाचा न्हाई आन मानसाचा बी न्हाई. त्याला बाजूला सारा, गाडी काढा."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दत्तराव पुढं झाला आणि पुलावर आडवी मांडलेली लिंबू-नारळांची रांग पायानं ओढ्यात ढकलून त्यानं रस्ता मोकळा केला.