एका आईच्या दोन ओळी

मित्रांनो, मी प्रसूतिगृहाच्या नोंदणी खिडकीतला जुना संगणक आहे आणि स्वभावाने संशयी आहे. कारखान्यात मला इतके तपासले, की तिथेच ही खोड जडली असावी. सुरुवातीला माझे भारी कौतुक झाले. पुढे मात्र कुठेही काही अडले, की सगळे माझ्याकडेच बोट दाखवू लागले. नोंदणीच्या ताई तेवढ्या रोज माझा पडदा पुसत.

आमच्याकडे बिननावाचे बाळ आईच्या क्रमांकावर नोंदवतात. इंजिनिअरने नुकताच नवा प्रोग्राम बसवला होता. एका दुपारी ताईंनी असाच क्रमांक टाकून बाळाचा तपासणीचा कागद मागितला. मी तांबड्या अक्षरांत सांगितले, ‘एक ओळ अपेक्षित होती, दोन आल्या.’

“म्हणजे काय?” ताई गोंधळल्या.

“एक ओळ म्हणजे एका बाळाची नोंद. तुम्ही बटण दोनदा दाबलंत,” इंजिनिअर म्हणाला. “तारीख तीच, वजन तेच, दोन्हीकडे मुलगी. एक ओळ उडवा.”

व्यवस्थापक वॉर्डात डोकावून आले. “आईजवळ एकच बाळ आहे. ताई, तुमची ही तिसरी चूक. आता वर कळवावं लागेल.”

“दाबलंही असेल हो,” ताई म्हणाल्या. नोकरी जाणार, या भीतीने त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता.

मला सगळ्यांचाच संशय आला. इंजिनिअर घाईत का? व्यवस्थापक इतके ठाम कसे? खरे सांगतो, माझा मलाही आला. ताईंचे बोट बटणावर टेकणार, तोच त्या थांबल्या. “आधी पावलं बघते.”

जन्मताच प्रत्येक बाळाच्या उजव्या पावलाचा शाईचा ठसा कागदावर घेतात. ताईंनी फाइल उघडली. ठसे दोन निघाले. एका पावलाची करंगळी वाकडी होती. ताईंनी लगेच वरच्या मजल्यावर नवजात बाळांच्या कक्षात फोन लावला.

“अहो, धाकटी इथं काचेच्या पेटीत आहे!” परिचारिका ओरडली. “कावीळ आहे तिला. सकाळपासून तिचा रिपोर्ट शोधतेय मी!”

तो रिपोर्ट त्या उडवायच्या ओळीतच होता. एका आईला एकच बाळ, असे इंजिनिअर धरून चालला होता. तो मान खाली घालून प्रोग्राम दुरुस्त करायला बसला. व्यवस्थापक पुटपुटले, “ताई, चुकलं माझं.”

मित्रांनो, आता मला मोडीत काढायचे घाटते आहे. खुशाल काढा. पण माझ्या जागी येणाऱ्याची अक्षरे नीट वाचा, मगच कुणावर संशय घ्या. त्या दुपारी मी दोन म्हणालो, तेव्हा खरोखरच त्या दोघी होत्या.